न्यासभंग

पानाला एकशे चाळीस रुपये, शिक्क्याचे वेगळे.
या दस्तात पानं एकोणीस
आणि एकच इंग्रजी शब्द एक्केचाळीस वेळा.

सुंदराबाई तळपदे, राहणार ठाकूरद्वार,
सन एकोणीसशे एकतीस.
दोन खोल्या आणि अकरा हजारांचं व्याज
गल्लीतल्या बाळंतिणींसाठी:
सुईणीचा पगार, कोळसा, गरम पाणी, डिंकाचे लाडू.
लाडवाचं वजनसुद्धा लिहून ठेवलंय बाईंनी.
खोल्या आता नाहीत.
तिथे गाड्या निजतात एकावर एक
लोखंडी पाळण्यांत.

वकील सोनावळे म्हणाले, डोकं लावू नका मॅडम,
सगळीकडे 'न्यास' टाका.
टाकला.
न्यासपत्र, न्यासनिधी,
आणि आरोपपत्रात फौजदारी न्यासभंग,
जणू हाडवैद्याकडे न्यायचं काहीतरी.
चाळीस वेळा शब्द बसला टाचणीसारखा.

एक्केचाळिसावा अगदी शेवटच्या पानावर.
इथे पहिलं अक्षर लहान आहे.
ज्या पाच जणांच्या हाती हे देते
त्यांच्यावर माझा

आणि पेन थांबलं.

भरवसा म्हणावं तर मागोमाग म्हैस येते, टोणग्यासकट.
विश्वास म्हटलं की वडील हसायचे:
तो पानिपतावर पडला, पोरी, तू पावती घे.
आणि हेच वडील
धनजी स्ट्रीटला आंगडियाच्या पेढीत चौतीस वर्षं.
पाकीट कुणाला द्यायचं, नाव ठाऊक नसायचं,
फक्त दहाच्या नोटेचा नंबर.
नंबर जुळला की हिरे पुढे सरकवायचे.
सही नाही, साक्षीदार नाही,
उभ्याउभ्या अर्धा कप चहा.
त्या बाजारात मालालाच जोखीम म्हणतात.
जोखीम निघाली, जोखीम पोचली,
असं रात्री जेवताना सांगायचे,
आणि झोपण्याआधी
आमच्या घरातल्या डब्यातले लाडू मोजायचे.

पत लिहिलं असतं,
पण ती आमच्या पतपेढीच्या पाटीवर होती.
शटरला सील लागून सहा वर्षं झाली,
पाटी अजून झगझगीत.
मालनमावशीने ठेवीची पावती लॅमिनेट करून घेतली,
भिजायला नको म्हणून.

आज किल्ला कोर्टात, बाहेरच्या बाकावर
आरोपी क्रमांक तीन माझ्या शेजारी येऊन बसला.
दिनमणी विजयकर, वय एकाहत्तर.
एक बूट काढून पायाचा अंगठा चोळत होता.
त्याला काय माहीत
की त्याचं नाव मी आठवडाभर
ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसलेय.

उठला. रेक्झिनची बॅग माझ्याकडे सरकवली.
"जरा बघता का?"
आणि उत्तरासाठी न थांबता
भिंतीला धरत धरत निघाला मुतारीकडे.

मी हात ठेवला बॅगेवर.
का ठेवला, ते विचारू नका.
चेन अर्धी उघडी. आत डबा, अजून कोमट,
डब्याखाली कागद,
कदाचित त्या खोल्यांचे,
कदाचित नुसती विजेची बिलं.
दोन बोटं घातली असती तर कळलं असतं,
आणि सुंदराबाईंच्या बाजूने घातली, असंही म्हणता आलं असतं.
चेन ओढून घेतली.

आत पुकारा झाला.
दुसऱ्यांदा झाला.
मांडीवर त्याची बॅग, बॅगेवर माझी एकोणीस पानं.
तळाशी छापील ओळ: वरील भाषांतर
माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरे आहे.
तिच्या वर, राहिलेल्या जागेत,
'त्यांच्यावर माझा' खोडून
खोडरबराने जाईल इतक्या हलक्या पेन्सिलीनं लिहिलं:
त्यांनी जरा बघावं.

शिपाई दारात आला. विजयकर, दिनमणी विजयकर,
हजर आहेत का?

बाकावर मी एकटीच.

"आहेत," म्हटलं मी, "येतायत."